लोकरीच्या पैशातून उभी राहिलेली थडगी

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील पेन्सविक हे गाव ओळखले जाते ते सेंट मेरी चर्चच्या आवारातील नेटक्या कातरलेल्या यू या सदाहरित वृक्षांमुळे. ही झाडे नव्याण्णवच असून शंभरावे लावले तर सैतान ते जगू देत नाही, अशी दंतकथा तेथे सांगतात. प्रत्यक्षात झाडे आता शंभराहून अधिक आहेत. मला मात्र त्यांच्या सावलीतील सतराव्या-अठराव्या शतकांतील दगडी थडगी अधिक मोलाची वाटतात.

त्यांतील अनेक थडगी लोकरी कापडाचा धंदा करणाऱ्या घराण्यांची आहेत. गावाजवळच्या ओढ्यांवर कापडाच्या गिरण्या चालत आणि त्या पैशातून गावातल्याच पाथरवटांना काम मिळे. याच धंद्याच्या हितासाठी १६६६ साली, आणि पुढे १६७८ साली अधिक कडकपणे, इंग्लंडमध्ये प्रेतास लोकरीचेच कफन घालण्याचा कायदा झाला होता. तो मोडल्यास पाच पौंड दंड असे व त्यातील निम्मी रक्कम खबर देणाऱ्यास मिळे. त्यामुळे लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) तलम कफनाचा हट्ट असणारी श्रीमंत घरे दंड भरून मोकळी होत. हा कायदा १८१४ पर्यंत टिकला.

पेटीसारख्या दिसणाऱ्या थडग्यात मृतदेह असेल असा पाहणाऱ्याचा समज होतो, पण तो जमिनीखाली पुरलेला असतो. वरची पेटी ही कोरीव शिळा जोडून केलेली आणि बहुधा आतून पोकळ असते. देवदूतांची मुखे, कवट्या आणि फुलांच्या माळा यांची तिच्यावर एवढी दाटी असते की मृताचे नाव शोधावे लागते. जॉन ब्रायन या शिल्पकाराचे (मृत्यू १७८७) स्मारक मात्र साधा पिरॅमिड आहे. आयुष्यभर नक्षी कोरणाऱ्याने ती स्वतःसाठी नाकारावी, हे मला फार आवडले.

येथील चुनखडीचा दगड कोरायला सोपा आहे, पण आम्लयुक्त पावसाने तो विरघळतो व अक्षरे पुसट होतात. त्याहून मोठी हानी शिळा जोडणारे लोखंडी आकडे करतात, कारण गंजताना ते फुगतात आणि दगड फोडतात. म्हणून दुरुस्तीत गंजरोधक पोलादाचे आकडे आणि चुन्याचा मसाला वापरतात. सिमेंट टाळतात, कारण ते ओल कोंडून ठेवते. दगडावर वाढलेले दगडफूलही खरवडून काढायचे नसते, कारण त्यासोबत उरलेसुरले कोरीव कामही निघून येते.