तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आईला कोण बघणार?’

गेल्या पाच महिन्यांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, याचा हिशेब ठेवायला हवा होता. किराणावाला, बँकेतल्या मॅडम, ज्यांचं ईसीजी मशीन मी चौदा वर्षं सांभाळलं ते डॉक्टर. पिवळ्या तापाची लस घ्यायला मुंबईला गेलो, तर रांगेतला एक अनोळखी गृहस्थसुद्धा. क्रम ठरलेला: “युगांडा? दोन वर्षं? बिनपगारी? आणि आईला कोण बघणार?”

आधी सोपं उरकतो. अगदी बिनपगारी नाही. राहायला खोली आणि तिथल्या जेवणाखाण्यापुरतं मानधन मिळतं. डॉलर साठवून आणेन असं ज्यांना वाटतं, त्यांना मी दोन वर्षांनी चहा पाजेन, तेवढे उरतील. काम गुलूला, म्हणजे देशाच्या उत्तर भागात. दवाखान्यांतली बंद पडलेली यंत्रं चालू करायची आणि तिथल्या दोन पोरांना ती चालू ठेवायला शिकवायचं. वीज जवळजवळ आपल्यासारखीच, 240 व्होल्टची, फक्त प्लगच्या पिना चौकोनी. ‘सेवा’ हा शब्द मी कुठंही वापरलेला नाही. तो तुम्ही वापरता, आणि मग मला त्या शब्दाच्या मापानं मोजता.

“मग इथं काय काम कमी आहे?” नाही, कमी नाही. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यात मी दुरुस्तीला आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर उघडत होतो: एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. पुढं वर्षभरानं एका सरकारी दवाखान्याच्या स्टोअरमध्ये तसलीच नऊ यंत्रं दिसली, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. हे यंत्र हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खड्यांत अडकवतं आणि ऑक्सिजन पुढं सोडतं. न वापरता ठेवलं तर ते खडे हवेतला ओलावा पितात आणि निकामी होतात. म्हणजे जपून ठेवल्यानंच ते मरतं. मी अर्ज दिला, दोनदा गेलो, कुलूप उघडलं नाही. तेव्हा दुखणं तेच आहे, इथंही आणि तिथंही. फरक एवढाच की मिरजेत मी नाही गेलो तर संध्याकाळपर्यंत कोल्हापूरहून दुसरा कुणीतरी येतो. हे उत्तर मला स्वतःला पुरतं का? सकाळी पुरतं. रात्री वाटतं, चव्वेचाळिसाव्या वर्षी तेच जिने चढून तीच बिलं वसूल करायचा कंटाळा आलाय आणि त्याला मी आफ्रिकेचं नाव देतोय. दोन्ही खरं असू शकतं ना?

आता आई.

आमच्याकडं मे महिन्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. पाच किलो मिरचीची, दरवर्षी. यंदा आई म्हणाली, दीड किलो आण. मी का म्हणून विचारलं नाही. मला माहीत होतं. जूनमध्ये तिला पुण्याला दादाकडं जायचं होतं, आणि तिथं वहिनी आणि पोरं एवढं तिखट खात नाहीत. त्या संध्याकाळी ती सोप्यात चटईवर बसून देठं काढत होती. ब्याडगी एकीकडं, लवंगी एकीकडं, नाकाला पदर. मी फोन स्पीकरवर टाकून तिच्या औषधांची यादी दादाला सांगत होतो. रक्तदाबाची सकाळची, थायरॉइडची उपाशीपोटी, गुडघ्याला लावायचं तेल.

दादा मध्येच म्हणाला, “एक विचारू? तू सेवा करायला चाललास. आई माझ्या घरात. म्हणजे सेवा कोण करतंय?”

मी स्पीकर बंद करायला हवा होता. त्याऐवजी भांडलो. माझ्याकडं एक ठेवणीतला मुद्दा होता, तो काढला. म्हटलं, आई मिरजेतल्या ज्या मिशन दवाखान्यात जन्मली, तो 1894 साली विल्यम वॉनलेसनं उभा केला. कॅनडात जन्मलेला मिशनरी डॉक्टर. त्यालाही कुणी विचारलं असेल, इथं काम कमी आहे का? त्याला आई नव्हती का?

दादा म्हणाला, “ते त्यांचा धर्म घेऊन आले होते. तू काय घेऊन चाललास?”

“फिल्टर,” मी म्हटलं. मला वाटलं, हसेल. हसला नाही. म्हणाला, “तिसरा मजला आहे, लिफ्ट महिन्यातून चार दिवस बंद असते. ती खाली उतरणार नाही. तिला तिथं कुणी ओळखत नाही. मी बघेन, नाही म्हणत नाही. पण तू गेलास म्हणून लोक तुला हार घालतील, आणि ती गॅलरीत बसेल.”

मी काय बोललो ते लिहीत नाही. वाईट बोललो. वडिलांच्या आजारपणात तो किती दिवस आला होता, इथपर्यंत गेलो. फोन कुणी ठेवला आठवत नाही. आईचा हात तेवढ्या वेळात एकदाही थांबला नव्हता. सगळं झाल्यावर तिनं सूप पुढं सरकवलं. “देठं झाली. उद्या डंकावर सकाळी लवकर जा, नंतर गर्दी होते.”

गेलो. डंकवाली मावशी वजन बघून म्हणाली, “एवढीच? घरातली माणसं कमी झाली काय?”

रात्री दिवा मालवल्यावर आई बोलली. “विचारलं असतंस तर जा म्हटलं असतं. तू सांगितलंस.”

मी अंधारात हिशेब घातला. जानेवारीत मी म्हणालो होतो, “आई, तुला काय वाटतं?” विचारलं होतं! मग आठवलं, ते विचारताना ऑफर लेटर हातात होतं आणि त्यावर सही झालेली होती.

त्या जानेवारीतल्या मला मी अजून समजावतोय. तो म्हणतो, आधी विचारलं असतं तर ती जा म्हणाली असती, आणि तिच्या तोंडावरचं बघून तूच गेला नसतास. बरोबर आहे त्याचं. म्हणूनच मला तो आवडत नाही.

तुम्ही सगळे म्हणता, मी घर सोडून चाललोय. माझ्या आधी घर आईनं सोडलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात. सत्तेचाळीस वर्षं ज्या घरात काढली ते, पाच पिशव्या आणि एक पाटा-वरवंटा घेऊन. (पाटा पुण्यात कुणी वापरणार नाही. तो ठेवून जा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.) तुळस शेजारच्या काकूंकडं दिली. दूधवाल्याचा हिशेब स्वतः फाटकात उभं राहून केला आणि वर साडेसात रुपये त्याच्याच अंगावर निघतात म्हणून घेतले.

पुतण्यानं मध्ये इंटरनेटवर गुलू शोधलं आणि जेवताना मोठ्यानं वाचलं: 2000 साली इबोला, 224 माणसं दगावली. आई ताटातलं सोडून ऐकत होती. त्यानं पुढं वाचलं असतं तर डॉ. मॅथ्यू लुकविया आले असते. लिव्हरपूलला शिकून गुलूजवळच्या लाचोर दवाखान्यात परतलेला तिथलाच माणूस. साथ त्यांनी ओळखली आणि त्याच डिसेंबरात त्याच रोगानं ते गेले. मी त्यांच्याविषयी बरंच वाचलंय, पण वादात त्यांचं नाव काढत नाही. कारण ते आपल्या लोकांत परतले होते. तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे.

तर, आईला कोण बघणार? दादा आणि वहिनी बघतात. मी नाही. पुन्हा विचारलंत तर एवढंच सांगेन, आणि हार आणू नका.

निम्मी चटणी माझ्या बॅगेत आहे, तीन पिशव्यांत बांधून, मल्टिमीटरच्या शेजारी. घर जवळजवळ रिकामं झालंय. आईचा पुण्याहून रोज सकाळी फोन येतो, आजही आला. “पाणी आलं का रे?” आलं म्हटलं. “पिंप भरून घे, उद्या येईल न येईल.” भरून घेतलं. परवा निघण्याआधी ओतून द्यावं लागेल.