मरणारच आहेत ना!

भावोजींनी आदल्या रात्री सामान काढून ठेवलं, त्यात सगळ्यात वर चष्मा होता. ऑक्टोबरातल्या ढगाळ हवेत गॉगल कशाला, म्हणून मी विचारलं. "उन्हासाठी नाही रे, डोळ्यासाठी. शेजारच्याचा गळ माशातून निसटला की दोरावरचं शिशाचं वजन सरळ तोंडावर येतं. चष्मा काढायचा नाही, आणि कुणी काही बोललं तर तू उलट बोलायचं नाहीस." मासे धरायला निघालेल्या माणसासाठी या सूचना मला जरा जास्तच वाटल्या. भावोजी मूळचे देवगडचे. खाडीच्या धक्क्यावर गळ टाकून संध्याकाळभर गप्प बसणारी माणसं आम्ही दोघांनीही लहानपणी पाहिलेली. मासेमारी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तेच.

ताई-भावोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला राहतात. तिथून आय-८१ महामार्गाने उत्तरेला पाऊण-एक तासावर पुलास्की. इथले लोक 'पुलास्काय' म्हणतात. एवढंसं गाव, मधून सॅमन रिव्हर वाहते आणि पुढे लेक ऑन्टारिओला मिळते. लाइटहाउस हिलच्या धरणापासून सरोवरापर्यंत नदी जेमतेम १७ मैलांची, त्यातला १२ मैलांचा काठ मासेमारीसाठी सगळ्यांना खुला. सप्टेंबरपासून सरोवरातले चिनूक आणि कोहो सॅमन अंडी घालायला नदीत चढू लागतात आणि त्यांच्यामागोमाग न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकटच्या नंबरप्लेटा. कोहोचा जागतिक विक्रम याच नदीतला आहे: १९८९ साली, ३३ पौंड ४ औंस. असा आकडा एकदा कानावर पडला की माणूस पाच-पाच तास गाडी हाकत येतो. आम्ही गेलो तो कोलंबस डेचा जोडसुट्टीचा शनिवार, म्हणजे गर्दीचा कळसच. परराज्यातल्या माणसाला एका दिवसाचं लायसन्स १० डॉलरला मिळतं. ते मी आधीच काढून ठेवलं होतं.

पहाटे साडेचारला पार्किंग भरलेलं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत पाण्यात गळ टाकता येत नाही; या नदीवर रात्रीच्या मासेमारीला बंदी आहे. पण काठावर उभं राहायला बंदी नाही. त्यामुळे डोक्याला दिवे बांधलेली माणसं अंधारात रांगेने उभी, आणि जिथे माणूस नाही तिथे त्याची बादली किंवा कूलर. चाळीत नळाला पाणी यायच्या आधी हंडे-कळश्यांचा नंबर लागतो, अगदी तस्सं. पुढचा प्रवेशही तोच झाला. कुणीतरी एक बादली पायाने हळूच दोन फूट सरकवली, बादलीचा मालक गाडीतून कॉफी घेऊन परतला, आणि उजाडायच्या आधीच पहिली शिवी ऐकू आली.

उजाडल्यावर दिसलं की दोन माणसांत धड हात लांब करायला जागा नव्हती. समोरच्या काठावर तशीच रांग, आणि मधे नदी इतकी अरुंद की त्यांचे आणि आमचे दोर एकाच प्रवाहात फिरत होते. तरी पहिला तासभर मला त्या गर्दीचं कौतुकच वाटलं, हे सांगायला हवं. सगळे एका लयीत गळ वरच्या अंगाला टाकतात, प्रवाहाबरोबर खाली वाहू देतात, परत उचलतात. कुणी एकानं लय मोडली की चार दोर एकमेकांत अडकतात. मासा लागला की "फिश ऑन!" अशी आरोळी येते. मग खालच्या अंगाच्या लोकांनी आपापले दोर गुंडाळून मागे सरायचं आणि मासा धरलेल्या माणसाला वाट द्यायची. वीस-पंचवीस पौंडांचा चिनूक प्रवाहाच्या दिशेने सुटला की त्याला उभ्या जागी आवरता येत नाही. माणसाला त्याच्यामागून काठाने धावावंच लागतं. ही वाट देण्याची रीत कुठे लिहिलेली नाही, पण चालते.

म्हणजे, चालते तोवर चालते. आमच्या खाली तिसऱ्या नंबरवर एक गृहस्थ होते. आरोळी ऐकूनही त्यांनी दोर काही काढला नाही. मासा त्यांच्या दोरात गुंतला, दोन्ही दोर तुटले, आणि ज्याचा मासा गेला तो पाण्यातूनच त्यांच्या अंगावर धावला. भांडण ऐन रंगात असताना मागून आलेल्या एका तरुणाने धावणाऱ्याची रिकामी जागा पटकावली आणि शांतपणे गळ टाकला. हा प्रकार दिवसभरात पुन्हा पुन्हा पाहिला. मासा काठाला लावायला माणूस खाली गेला की परत येईपर्यंत त्याच्या जागी दुसरा. जागेचा हक्क कुणाचा, यावर तिथे जितकी माणसं तितकी मतं.

पण धक्काबुक्कीपेक्षा मला टोचली ती दुसरीच गोष्ट.

नदीत शिरलेला चिनूक खात नाही. त्याचं पोट आक्रसत जातं, साठवलेल्या चरबीवर तो वर चढतो, अंडी घालून होतात आणि मरतो. एकही परत सरोवरात जात नाही. आता न खाणाऱ्या माशाला गळाला कसं लावायचं? चिडून किंवा सवयीनं तो कधीकधी तोंड मारतो. त्याची वाट पाहणारे थोडे. बाकीचे लांब दोराला गळ लावून तो माशांच्या थव्यातून आडवा ओढत नेतात. पाणी तोंडात घेण्यासाठी मासा जबडा उघडझाप करत असतो. दोर त्या जबड्यातून सरकतो आणि गळ बाहेरच्या बाजूने गालात रुततो. हे निदान तोंडाजवळ तरी झालं. पण वाहता गळ संपत आला की प्रत्येक वेळी दांडीला जोराचा हिसका देणारेही रांगेत होतेच. त्या हिसक्यात गळ पाठीत, पोटात, शेपटीत, जिथे लागेल तिथे लागतो. नियम साफ आहे: तोंडाबाहेर लागलेला मासा लगेच सोडायचा. माझ्या डाव्या हाताच्या माणसाने शेपटीत गळ लागलेला मासा उलटा ओढत काठावर आणला, बुटाने वर ढकलला, दोरीत ओवला आणि पाण्याच्या कडेला बांधून ठेवला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर खांदे उडवून म्हणाला, "मरणारच आहेत ना!"

हे वाक्य त्याचं एकट्याचं नाही. एके काळी तेच सरकारी धोरण होतं. ऑन्टारिओ सरोवरात मुळात अटलांटिक सॅमन होते. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांची बांधलेली धरणं, जंगलतोड आणि बेसुमार मासेमारीत ते संपले. मग सरोवरात बाहेरून आलेल्या एलवाइफ नावाच्या छोट्या माशांचं इतकं पीक आलं की मेलेल्या माशांचे थर किनाऱ्यावर लागायचे. त्यांना खाणारा कुणीतरी हवा म्हणून १९६८ पासून न्यूयॉर्क राज्याने पॅसिफिकचे सॅमन इथे सोडायला सुरुवात केली. ते चांगले पोसले, नदीत चढू लागले. खात नाहीत आणि मरणारच आहेत, तर लोकांना काढू द्या, असा हिशेब झाला. वजन जोडलेला तीन तोंडांचा गळ हिसडून माशाच्या अंगात रुतवायचा, याला रीतसर परवानगी होती. ती पूर्ण बंद व्हायला १९९५ उजाडलं. म्हणजे एक अख्खी पिढी या नदीवर हिसके द्यायलाच शिकली, आणि बापाच्या हाताकडे बघून पोरगा शिकला. आता असे वजन जोडलेले गळ बेकायदा आहेत. मनगट मात्र तेच आहे. बंदीची पाटी लावून मनगट बदलत नाही, हे मला तिथे उभं राहून पटलं.

त्यात गंमत अशी की नियम माहीत आहेत का, असं दिवसभरात एकट्या आम्हालाच विचारलं गेलं. साठीच्या एका स्थानिक वाटणाऱ्या माणसाने भावोजींच्या दांडीकडे बघत संथपणे, एकेक शब्द सुटा करत, मर्यादा दिवसाला तीन माशांची आहे, असं समजावलं. भावोजी तीसेक वर्षं इथे राहतात. त्यांनी तितक्याच संथपणे आभार मानले. काठावर रशियन, चिनी, स्पॅनिश, पोलिश सगळं कानावर पडत होतं, आणि "बाहेरचे लोक येऊन नदी नासवतात" हेही. मी दिवसभर लक्ष ठेवून होतो. हिसके देणारे सगळ्या भाषांत होते, वाट देणारेही. दुपारी तोच साठीचा माणूस पोटात गळ लागलेली मादी इकडेतिकडे बघून पिशवीत सारताना दिसला. मी भावोजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "चष्मा नीट लाव."

आणि गाबोळी! आम्हा मासेखाऊ माणसांना जिचं नाव घेतलं तरी तोंडाला पाणी सुटतं, तिचं इथे काय होतं ते बघवत नाही. सॅमनची अंडी हे याच नदीतल्या दुसऱ्या माशांसाठी, मुख्यतः स्टीलहेड ट्राउटसाठी, उत्तम आमिष. अंड्यांच्या नारिंगी लडी काढून बोरॅक्स लावून टिकवतात, जाळीच्या चिंधीत बारक्या पुरचुंड्या बांधतात. ठीक आहे, वापरा. पण झुडपामागे मला पंधरा पौंडांची तरी एक मादी पडलेली दिसली. पोट चिरलेलं, अंडी काढून नेलेली, बाकी सगळा मासा जागच्या जागी, डोळ्यांवर माश्या. असं फेकून देणं कायद्याने गुन्हा आहे. शिवाय पुलास्कीत मासे साफ करून देणारी दुकानं आहेत, थोडे पैसे घेऊन ते साफही करतात, धुरावूनही देतात. तेवढी तसदीसुद्धा नाही. आमच्या गावात असा मासा टाकला असता तर आजीने टाकणाऱ्याला आठवडाभर घरात जेवायला वाढलं नसतं.

काठावर हिरव्या वर्दीतले पर्यावरण संवर्धन अधिकारी फिरतात, आणि भावोजी म्हणतात की काही जण साध्या कपड्यांत, हातात दांडी घेऊन रांगेतच उभे असतात. एकदा वरच्या अंगाने काहीतरी कुजबुज वाहत आली आणि पाच मिनिटांत सगळ्यांचे हिसके थांबले. दोघातिघांनी मासे इतक्या हळुवारपणे पाण्यात सोडले की मला हसू आवरेना. वर्दी वळणाआड गेली आणि दांड्या पुन्हा झटके देऊ लागल्या.

गर्दी नको असेल तर उपाय आहे, पण त्याला पैसे पडतात. नदी सरोवराला मिळायच्या आधीचा अडीच मैलांचा पट्टा खासगी आहे, डग्लस्टन सॅमन रन. तिथे दिवसाचा पास काढायचा आणि माणसांची संख्या ठरलेली. ताजे, चंदेरी मासे आधी त्यांच्याच पाण्यातून जातात, उरलेले पुढे आमच्याकडे. नदी खासगी कशी असू शकते यावर खटला झाला होता. १९९७ साली राज्याच्या अपील न्यायालयाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. तिथे शिस्त असते असं ऐकलं, आणि का नसावी? पण उरलेली सगळी माणसं मग खुल्या काठावर दाटतात, आणि नंतर तोच काठ बेशिस्त म्हणून बदनाम होतो. हे मला फारसं पटत नाही.

दुपारनंतर आम्ही नदीच्या वरच्या अंगाला अल्टमारला गेलो. तिथे राज्याचं मत्स्यबीज केंद्र आहे, १९८० पासूनचं. नदीला मिळणाऱ्या बीव्हरडॅम ब्रुक या ओढ्यातून मासे पायऱ्यापायऱ्यांच्या पाण्याने थेट केंद्रात चढतात, आणि ऑक्टोबरात तिथे अंडी काढून घेतात. काचेपलीकडे मासे उड्या मारत होते आणि काचेअलीकडे पोरं ओरडत होती. ज्यांना पाच तासांत एकही मासा लागला नव्हता असे काही वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायच्या रबरी विजारी, घातलेले बापईही नाक काचेला लावून उभे होते. येताना ओढ्याच्या एका उथळ जागी मादी शेपटीने वाळू-गोटे उडवून अंड्यांसाठी खड्डा करत होती. पाणी घोटाभर, पाठ उघडी, शेपटीची कातडी घासून पांढरी झालेली. दोन मुलं तिच्यावर दगड मारायच्या बेतात होती. त्यांच्या आईने एकाचा कान धरला. दिवसभरात पाहिलेली ही सगळ्यात झटपट कायदेशीर कारवाई.

आम्हाला एक मासा मिळाला, भावोजींना. त्यांनी आधी जबडा उघडून गळ आतल्या बाजूला आहे ना ते पाहिलं, मलाही दाखवलं, मगच मासा घेतला. काळवंडलेला नर होता. नदीत बरेच दिवस काढलेल्या चिनूकचं मांस फिकं आणि मऊ पडतं. घरी ताईने तुकडीकडे बघून नाक मुरडलं. त्यातून पीसीबी आणि मिरेक्स या विषारी रसायनांमुळे या सरोवराचे मासे बेतानेच खा, बायका-मुलांनी तर आणखी बेताने, असा आरोग्य खात्याचा सल्ला फ्रिजवर चिकटवलेला. चरबी काढून, आगळ-तिखट लावून दोन तुकड्या तव्यावर टाकल्या, त्या आम्ही दोघांनीच खाल्ल्या. "बांगड्याची सर नाही," ताई न खाताच म्हणाली.

भावोजी तोवर बूट धुवून पुढच्या बेताला लागले होते. "नोव्हेंबरअखेर ये. स्टीलहेड असतो, हा खातो, त्याला आमिष दाखवावं लागतं. काठावर चिटपाखरू नसतं."

"मग तेव्हाच का नाही बोलावलंत?"

"दांडीच्या कड्यांत बर्फ धरतो, दर चार वेळा गळ टाकला की कडी तोंडात धरून तो बर्फ वितळवावा लागतो. तू आला असतास?"