मराठी मजकूर मोजताना : शब्द, अक्षरं की कॅरेक्टर?

ठाणे महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असो, नेरुळच्या सोसायटीचा एसएमएस असो की दिवाळी अंकाचा लेख, मर्यादा कशात दिली आहे ते आधी पाहा. शब्द, अक्षरं आणि कॅरेक्टर यांचे आकडे सहसा जुळत नाहीत.

‘क्षितिज’ वाचताना तीन अक्षरं. संगणकाला मात्र सात कॅरेक्टर दिसतात : क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. एक्सेलमधलं लेन (LEN) हे लांबी मोजणारं सूत्रही सातच सांगतं. त्यामुळे फॉर्मवर ‘कमाल ५०० कॅरेक्टर’ असेल तर काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि मोकळ्या जागा सगळं त्यात धरा.

याचा फटका सर्वात जास्त एसएमएसमध्ये बसतो. इंग्रजी संदेशाला १६० कॅरेक्टर मिळतात, पण देवनागरीतलं एक जरी अक्षर आलं की अख्ख्या संदेशाची मर्यादा ७० वर येते. ती ओलांडली की संदेश तुकड्यांत जातो, दर तुकड्यात ६७ कॅरेक्टर, आणि पैसे तुकड्यांप्रमाणे लागतात. हा संदेश बघा :

नेरुळ सेक्टर २१: उद्या पाणी नाही. आज रात्रीच टाक्या भरून ठेवा.

शब्द अकरा, कॅरेक्टर ६२. शेवटी जागा सोडून ‘धन्यवाद.’ जोडलं की ७१ होतात आणि एकाचे दोन संदेश होतात. त्यातला पूर्णविराम काढला तर बरोबर ७०, म्हणजे एकातच भागतं. पाचशे सभासदांना पाठवायचा असेल तर त्या एका टिंबाची किंमत पाचशे जादा संदेश आहे.

शब्दांचं गणित उलटं चालतं, इथे मराठी फायद्यात असते. ‘ठाणे स्टेशनसमोरच्या रस्त्याच्या दुरुस्तीच्या खर्चाचा तपशील’ हे सहा शब्द. इंग्रजीत हीच मागणी ऑफ, द, ऑन धरून सहज पंधरावर जाते, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात. म्हणून भाषांतराचा दर शब्दावर ठरवताना मूळ इंग्रजी शब्दांवर की मराठी शब्दांवर, हे कामाआधीच लिहून घ्यावं. आणि ‘स्टेशन समोरच्या’ असं तोडून लिहिणं चूक तर आहेच, शिवाय एक शब्द फुकट वाढतो.

मोजायला वर्डमध्ये रिव्ह्यू टॅबमधलं वर्ड काउंट, गुगल डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी. फक्त निवडलेल्या भागाचे शब्दही दोन्हीकडे कळतात. वर्ड दोन मोकळ्या जागांमध्ये जे येईल तो एक शब्द धरतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना जागा सोडलेली सुटी डॅशसुद्धा एक शब्द होते.

ऑनलाइन काउंटर जपून वापरा. इंग्रजीपुरते बनवलेले काही काउंटर काना-मात्रेला अक्षर मानत नाहीत आणि तिथेच शब्द तोडतात. मग ‘ठाणे’चे दोन शब्द होतात, ‘क्षितिज’चे चार. काही तर शून्य दाखवतात. नवीन काउंटरमध्ये आधी ‘क्षितिज’ एवढंच टाकून पाहावं. एक आलं तरच पुढे जावं.

दोन फाइलींमध्ये मजकूर तोच आणि कॅरेक्टर वेगळे दिसले तर ‘सुटणाऱ्या’सारखे शब्द तपासा. ऱ ही स्वतंत्र कळ वापरली तर नऊ कॅरेक्टर. र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरला तर दहा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचे कॅरेक्टर मोजूच नका. तिथे एकेक अक्षर तुकड्यांनी बनलेलं असतं. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आता माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि सर्वसाधारणपणे १५० शब्द अशी मर्यादा आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी ती ५०० आहे. मजकूर १५० वर गेला तर विभाग, कालावधी आणि कोणत्या कागदाची प्रत हवी हे तिन्ही तसंच ठेवा. ‘मी एक जागरूक नागरिक असून’पासून सुरू होणारा परिच्छेद आणि माहिती का हवी आहे ते सांगणारी वाक्यं काढून टाका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण द्यावंच लागत नाही.