नज्दमधलं माळवद

उशैगरला बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की सांगायची पंचाईत होते. रियाधहून वायव्येला साधारण दोनशे किलोमीटर, शकरा गावाजवळ. किल्ला म्हणावा असं काही नाही. खजुराच्या बागा, मातीची घरं आणि गल्ल्या. रियाधची आमची मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी मॉल आणि बिर्याणी यापलीकडे सहसा जात नाहीत, त्यामुळे ‘पडकी घरं बघायला एवढं पेट्रोल जाळायचं?’ हा प्रश्न निघण्याआधीच विचारून झाला होता.

पण घरं पडकी नव्हती, निदान सगळी नव्हती. इथल्या कुटुंबांनीच बरीच घरं पुन्हा उभी केली आहेत. 1974 नंतर सरकार घरबांधणीला बिनव्याजी कर्ज देऊ लागलं, तशी नज्दभर, म्हणजे सौदीच्या या मधल्या भागात, माणसं सिमेंटच्या घरात गेली. त्यांचं काय चुकलं? मातीचं घर दरवर्षी लिंपून घ्यावं लागतं, आणि लिंपणारे हात आता एसीत बसले होते.

मी मराठवाड्यातली, माळवदाखाली वाढलेली. म्हणून आत शिरल्याबरोबर मान वर गेली. अस्‌ल नावाच्या झाडाच्या तुळया, त्यावर खजुराच्या झावळ्या, त्यावर माती. छपराच्या कडेने बाहेर काढलेली लाकडी पन्हळं. आमच्याकडे झावळ्यांच्या जागी फांद्या आणि वर पांढरी माती, एवढाच काय तो फरक. भिंती उन्हात वाळवलेल्या विटांच्या, आणि जिथे लिंपण उडालंय तिथे चिखलात कालवलेल्या पेंढ्याच्या काड्या अजून दिसतात. मातीच्या घराचं कौतुक करताना 1993 चं किल्लारी मात्र डोळ्यांसमोर येतंच. नज्दमध्ये भूकंप जवळजवळ नाहीतच, त्यामुळे डोक्यावर मातीचं ओझं घेऊन निजायला इथे कुणी घाबरलं नसावं.

गल्ल्या अरुंद, आणि बऱ्याच ठिकाणी वरून घराची खोलीच आडवी गेलेली, म्हणजे खालून जाणाऱ्याला आपसूक सावली. भिंतीत वरच्या अंगाला त्रिकोणी भोकांच्या रांगा, वाऱ्यासाठी. मला सगळ्यात आवडली ती दाराच्या बरोबर वर, भिंतीतून पुढे आलेली मातीची छोटी पेटी. तिच्या बुडाला भोक. कडी वाजली की वरच्या मजल्यावरून कोण आलंय ते बघायचं, आपण मात्र दिसायचं नाही. पुण्यातल्या वाड्यांना ही सोय कुणी कशी केली नाही, याचं नवल वाटतं. दारं लाल, हिरव्या, पिवळ्या नक्षीने रंगवलेली. काहींचं कुलूप लाकडाचं आणि किल्लीही लाकडाची.

बैठकीच्या खोलीत चूल, तिच्याशेजारी पांढऱ्या गिलाव्याच्या फळ्या आणि त्यांवर चोचवाल्या कॉफीच्या किटल्या उंचीप्रमाणे मांडलेल्या. पाहुण्यासाठीची खोली ही घरातली सगळ्यात देखणी खोली. बायकांच्या स्वयंपाकघराच्या वाट्याला हे नक्षीकाम आलेलं मला तरी दिसलं नाही, ते आमच्याकडेही तसंच.

तिथल्या एका म्हाताऱ्या काकांनी बोलावून बसवलं, वेलदोड्याची पिवळसर कॉफी आणि खजूर पुढे केले. कप रिकामा झाला की ते भरणार. पुरे असेल तर कप हातातल्या हातात हलवायचा. आमच्यातल्या एकाला अरबी येत होतं, म्हणून मी पन्हळांकडे बोट दाखवून सांगितलं, आमच्या गावीही अशीच घरं. काकांनी विचारलं, पाऊस किती पडतो? इथे वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर, तोही हिवाळ्यात. म्हटलं, आमच्याकडे चार महिने. त्यांना आकडा ऐकू आला नसावा असं वाटून आमच्या दुभाष्याने पुन्हा सांगितलं.

“चार महिने?” काका म्हणाले. “आणि मातीचं छप्पर?”

गळतं की, मी म्हटलं. खाली पातेली मांडतो.

काकांनी माझा कप पुन्हा भरला. मी हलवायचा विसरले होते.