पोस्टर व्हिएन्नात, मी दुबईत

युरोपियन जिओसायन्सेस युनियन या भूविज्ञान संशोधकांच्या संघटनेची २०२४ची वार्षिक सभा १४ ते १९ एप्रिलदरम्यान व्हिएन्नात भरली होती. माझे पोस्टर, म्हणजे संशोधन एका मोठ्या तक्त्यावर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावण्याचे सत्र, गुरुवारी १८ तारखेला होते. विषय होता सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील अतिवृष्टी. मुंबईहून दुबईमार्गे जाणारे तिकीट मी १६ तारखेचे काढले होते, म्हणजे एक अख्खा दिवस राखून ठेवल्याचे समाधानही होते. पहाटेचे विमान दुबईला वेळेवर उतरले आणि त्याच दिवशी संयुक्त अरब अमिरातीत १९४९पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस कोसळला. अतिवृष्टीवर बोलायला निघालेली बाई अतिवृष्टीतच अडकली, हा किस्सा आमच्या विभागात अजूनही चवीने सांगितला जातो.

दुबईत त्या दिवशी १४२ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. जुलैतल्या महाबळेश्वरात या आकड्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजलेल्या आपल्याला तर तो किरकोळच वाटेल. पण दुबई विमानतळावर वर्षाकाठी सरासरी ९५ मिलिमीटरच पाऊस पडतो. दीड वर्षाचे पाणी एका दिवसात आले आणि ते वाहून नेण्याची सोय त्या शहरात नव्हती. हे सगळे मला समजत होते. तरीही फलकावरची उड्डाणे एकामागून एक रद्द होऊ लागली तेव्हा पोटात गोळा यायचा तो आलाच.

पहिले चार तास मी निव्वळ वाया घालवले. सगळे उभे होते म्हणून मीही रांगेत उभी राहिले, आणि खिडकीपाशी पोचले तेव्हा ‘ॲपवर पाहा’ एवढेच उत्तर मिळाले. व्हिसाशिवाय विमानतळाबाहेर पडता येत नव्हते, त्यामुळे हॉटेलचा प्रश्नच नव्हता. रडवेली होऊन मी पुण्याला आमच्या विभागातल्या ज्येष्ठ मॅडमना फोन केला. त्यांनी दोनच वाक्ये ऐकली आणि म्हणाल्या, “विमानाचं सोड, पोस्टरचं बघ.”

प्रवास आणि प्रवासाचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तोवर माझ्या डोक्यात शिरलेच नव्हते. कापडावर छापलेले पोस्टर माझ्याजवळच्या पिशवीत होते, पण त्याची फाइल तर कुठेही पाठवता येत होती. व्हिएन्नात संशोधन करणाऱ्या जुन्या मैत्रिणीला मी ती पाठवली, सत्राच्या आयोजकांना ईमेल लिहिला आणि उरलेली बॅटरी वाचवण्यासाठी फोन बंद केला. पाऊस थांबवणे माझ्या हातात नव्हते, पण या तीन गोष्टी होत्या आणि त्या तासाभरात उरकल्यावर मला दोन दिवसांत प्रथमच शांत झोप लागली, तीही जमिनीवर, पिशवी उशाशी घेऊन.

शेजारी सांगलीचे एक काका-काकू होते, फ्रँकफर्टला लेकीकडे निघालेले. मी काय करते हे कळताच काकांनी विचारले, “तू पावसावरच अभ्यास करतेस ना? मग हा थांबणार कधी ते सांग की!” भोवतालच्या घोळक्यात हा पाऊस म्हणजे कृत्रिम पावसाच्या प्रयोगाचा परिणाम असल्याची चर्चा रंगली होती. मी समजावून सांगितले की असे प्रयोग आपल्याकडे सोलापूर परिसरातही झालेले आहेत आणि त्यांनी फार तर असलेल्या ढगातून थोडा अधिक पाऊस मिळू शकतो. अरबी द्वीपकल्पावरून सरकत आलेली एवढी मोठी वादळी प्रणाली त्यांतून निर्माण होत नाही, आणि तिचा अंदाज संगणकावरच्या हवामान प्रारूपांनी आधीच दिलेला होता. इतके मन लावून ऐकणारे श्रोते मला परिषदांमध्ये क्वचितच मिळाले आहेत. दुसऱ्या दिवशी रामनवमी होती. लेकीसाठी नेलेला सुंठवडा काकूंनी दुपारी बारा वाजता डब्यातून काढून सगळ्यांना वाटला, आणि माझ्या मेथीच्या दशम्याही तेव्हाच संपल्या.

गुरुवारी संध्याकाळी मैत्रिणीने ए-थ्री कागदांचे तुकडे जोडून तयार केलेले पोस्टर फलकावर लावले आणि फोन त्यासमोर धरला. फलक जवळजवळ दोन मीटर रुंद असल्यामुळे आमचे ठिगळांचे पोस्टर एका कोपऱ्यात बिचारे दिसत होते. चित्र अधूनमधून गोठत होते. मोजून पाच जण थांबले. त्यांतल्या एकाने मात्र रडारच्या नोंदींवरून अर्धा तास माझी उलटतपासणी घेतली.

त्याच रात्री उशिरा मला जागा मिळाली. शुक्रवारी सकाळी भुयारी रेल्वेने काइझरम्यूलन स्थानकावर उतरून मी सभागृहात पोचले तेव्हा सभेचा शेवटचा दिवस उजाडला होता. रडारवाल्या गृहस्थांबरोबर कॉफी झाली. बुधवारी ज्या गटाला भेटायचे होते तो मात्र परतला होता, आणि ती भेट आजतागायत झालेली नाही. ‘जे होते ते चांगल्यासाठीच’ असे मला कोणी ऐकवले की चीड येते. ती भेट हुकणे कोणाच्याही चांगल्यासाठी नव्हते.

बॅग अर्थातच आली नव्हती. विमानतळावरून बाहेर पडण्यापूर्वीच मी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला आणि कपड्यांच्या खरेदीच्या पावत्या जपल्या. बॅग उशिरा मिळाल्यास ती हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो, असा आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाविषयीच्या माँट्रियल कराराचा नियम आहे. बोर्डिंग पासचे तुकडेही सांभाळले, कारण पावसाची कहाणी कितीही खरी असली तरी आमच्या लेखा विभागाला कागद लागतो.

ठिगळांचे पोस्टर मैत्रिणीने गुंडाळून माझ्या हवाली केले. ते आता माझ्या टेबलामागे लावले आहे. कापडी पोस्टर एकदाही उलगडलेले नाही. काकांचा मात्र दर जुलैत न चुकता संदेश येतो, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी यंदा पाणी किती फुटांपर्यंत चढेल, आणि मी नकाशे पाहून जमेल तसे उत्तर देते.