लिटल वॉल्सिंगमची वारी

इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यात ग्रेट वॉल्सिंगम आणि लिटल वॉल्सिंगम अशी दोन गावं लागून आहेत आणि त्यातलं लिटल हेच मोठं आहे. आपल्याकडेही एखादं खुर्द वाढत वाढत बुद्रुकला मागे टाकतं, त्यातलाच प्रकार. इथलं खुर्द वाढलं ते देवामुळे. १०६१ साली रिचेल्डिस नावाच्या जमीनदार बाईला मरियमने दृष्टान्त दिला, नाझरेथचं आपलं घर दाखवलं आणि हुबेहूब असंच घर इथे बांध म्हणून सांगितलं, अशी कथा आहे. साल परंपरेनं चालत आलेलं, कथा कागदावर उतरली ती चारशे वर्षांनी. पण घर खरंच होतं. बाराव्या शतकात त्याच्या शेजारी मठ उभा राहिला, आणि ज्यांना जेरुसलेमला जाणं या जन्मी जमणार नव्हतं त्यांचं नाझरेथ इथेच झालं. आज गावात हजारभरही वस्ती नाही.

आषाढ लागला की माझे पाय शिवशिवतात. घरी असताना पूर्ण वारी कधी झाली नाही, सासवड ते लोणंद असा तुकड्यातुकड्यानं चाललोय. आत्या मात्र आळंदीपासून पंढरपूरपर्यंत जाते. तिला फोन करून सांगितलं की यंदा इकडेच एका गावाला चालत जाणार आहे.

"दिंडी कुठली तुझी?" तिचा पहिला प्रश्न.

"दिंडी नाही गं, एकटाच आहे."

"एकटा? मग स्वयंपाक कोण करतं? अन् वाट कोण दाखवतं?"

"नकाशा आहे ना."

"नकाशा काय टाळ वाजवतो होय? देव कुठला तिथला?"

"मरियम. येशूची आई."

"म्हणजे बांद्र्याची मोतमाउली?" आत्यानं मुंबईत बरीच वर्षं काढली आहेत.

"तीच."

"मग माउलीच की. जा."

किंग्ज लिनला रेल्वेतून उतरलो. पूर्वी समुद्रमार्गे येणारे यात्रेकरूही याच बंदरात उतरत. शहरातल्या बागेत रेड माउंट नावाचं अष्टकोनी विटांचं चॅपल आहे, १४८५ च्या सुमाराचं. वॉल्सिंगमला निघालेले लोक तिथे माथा टेकून पुढे जायचे. मीही टेकला आणि पूर्वेला वळलो.

वारीत रस्ता दिसत नाही. दिसतात पुढच्याच्या टाचा, डोक्यावरची तुळस, पताका, आणि पाणी आलं की टँकरभोवतीची झुंबड. इथे उलटं. रस्ता अथपासून इतिपर्यंत दिसतो आणि त्यावर माणूस नाही. इंग्लंडमध्ये पायवाटेचा हक्क कायद्यानं सांभाळलेला आहे: वाट शेतातून जात असेल तर शेतकऱ्यानं नांगरली तरी ती पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. त्यामुळे दोन्ही बाजूंना छातीपर्यंत बार्ली आणि मधून हातभर रुंदीची पट्टी, असा मी तासन् तास चाललो. खांबावर पिवळा बाण दिसला की बरं वाटायचं. मॅसिंगमच्या अलीकडे पेडर्स वे नावाचा रोमन काळातला रस्ता आडवा येतो. तो सरळ इतका, की ज्यानं आखला त्याला कुणाशी बोलायचं नसावं.

चहा कुणी देत नाही. एवढं चालून एकदाही कुणी "माउली, थांबा" म्हटलं नाही. एका गावात कुंपणापाशी छोटं टेबल होतं, त्यावर अंडी, काकडीसारखी कूर्जेट आणि पैसे टाकायला पत्र्याचा डबा. विकणारं कुणीच नाही. कच्ची अंडी घेऊन वारीत करायचं काय? तरी मी डब्यात एक पौंड टाकला आणि पुढे निघालो.

फेकनम हे शेवटचं बाजाराचं गाव. तिथून वॉल्सिंगम पाच मैल. वाटेत ईस्ट बार्शम लागतं (पाटीवर नाव वाचलं आणि बार्शीचा स्टँड डोळ्यासमोर आला). रस्त्यावरूनच एक मोठा विटांचा वाडा दिसतो, नक्षीदार धुराड्यांचा. आठवा हेन्री १५११ साली मुलगा झाला म्हणून इथून अनवाणी वॉल्सिंगमला गेला, असं सांगतात. आजचा वाडा त्यानंतरचा, १५२० च्या सुमाराचा, तेव्हा राजानं या धुराड्यांकडे बघून बूट काढले असतील असं समजू नका. ते मूल दोन महिनेही जगलं नाही. तरी राजाच्या नावाची मेणबत्ती इथे तेवत राहिली. पुढे ज्या राणीला त्यानं टाकलं त्या कॅथरीननं १५३६ मध्ये मरताना मागे लिहून ठेवलं, की माझ्यासाठी कुणीतरी वॉल्सिंगमची यात्रा करावी आणि वाटेत गरिबांना दान द्यावं. आपल्याकडे थकलेली माणसं आपल्या वाटची वारी लेकाला-सुनेला सांगतात, तेच हे. दोनच वर्षांनी, १५३८ मध्ये, त्याच हेन्रीच्या हुकुमानं मठ बंद झाला, पवित्र घर गेलं, आणि मूर्ती लंडनला नेऊन चेल्सीत जाळली. त्याच्या वर्षभर आधी मठाच्या बाजूनं उठावाची कुजबुज झाली म्हणून मठाचा उपप्रमुख निकोलस मायलम याला गावातच फासावर चढवलं होतं.

गावाच्या मैलभर अलीकडे हॉटन सेंट जाइल्स आहे आणि तिथे स्लिपर चॅपल. १३४० च्या आसपास बांधलेलं, दगडी, अगदी चिमुकलं. पूर्वीचे लोक इथे जोडे काढत आणि शेवटचा मैल अनवाणी चालत. आपल्या वाटेवर वाखरीला जे मोल, ते इथे या जागेला. यात्रा बंद पडल्यावर या चॅपलचा गोठा झाला. १८९६ मध्ये शार्लट बॉइड नावाच्या बाईंनी ते विकत घेऊन दुरुस्त केलं, आणि १९३४ पासून ते इंग्लंडमधल्या कॅथलिकांचं राष्ट्रीय तीर्थस्थान आहे.

शांत शेतांतून चालत आलेल्या मला वाटलं होतं की इथेही चिटपाखरू नसेल. पण वळणावरच बसगाड्यांची रांग दिसली आणि पाठोपाठ चेंडा नावाच्या केरळी ढोलाचा दणका कानावर आला. केरळच्या सिरो-मलबार ख्रिस्ती लोकांची वर्षाची यात्रा होती. ती जुलैतच भरते, तमिळ कॅथलिकांचीही त्याच महिन्यात, आणि दोन्हींना हजारोंनी माणसं येतात. हिरवळीवर झालरीच्या रंगीत छत्र्यांची रांग, कसवाच्या साड्या, मुंडू नेसलेले बाप्ये, कडेवरची पोरं, आणि खांद्यावर मरियमची मूर्ती. माझ्या छातीत जे काही झालं ते टाळ ऐकल्यावर होतं तसंच होतं. एवढ्या वाटेत मला जिची उणीव भासली ती दिंडी इथे कोट्टायम आणि त्रिशूरहून, बर्मिंगहॅम आणि लिव्हरपूलमार्गे, येऊन उभी होती. त्यातल्या किती जणी परवा रात्रपाळी करून आल्या असतील कोण जाणे. इथली इस्पितळं त्यांच्याच हातांवर चालतात.

एका मावशींनी थर्मासमधला चहा पुढे केला, केळ्याचे वेफर्स दिले आणि विचारलं, "तुमची पॅरिश कुठली?"

"पंढरपूर."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे लेस्टरच्या बाजूला का?"

बूट काढून पिशवीला बांधले आणि निघालो. हा शेवटचा मैल कागदावर सोपा वाटतो. डांबर चालतं, उन्हानं ऊबदार असतं. त्रास कडेच्या खड्यांचा. नॉर्फकची जमीन गारगोटीची. घरं, कुंपणं, चर्चचे मनोरे सगळं तिनंच बांधलेलं. ही गारगोटी फुटते तेव्हा काचेसारखी फुटते, आणि रस्ता इतका अरुंद की गाडी आली की कडेला सरावंच लागतं. म्हणजे प्रत्येक गाडीगणिक पायाखाली सुऱ्या. जुन्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून समांतर पायवाट आहे, तिथे गाड्या नाहीत पण खडी आहे. मी डांबरच धरलं. माझ्या पुढे दोन शाळकरी मलयाळी मुलं अनवाणी पळत होती, त्यांची आई मागून ओरडत होती. तिला काय म्हणायचं होतं ते भाषा न कळताही कळत होतं.

गावात शिरलो. लाकडी चौकटींची घरं, वरचा मजला रस्त्यावर झुकलेला, मध्ये चौक आणि त्यात सोळाव्या शतकातलं आठकोनी पाण्याचं घर. इथे बसल्यावर मला आठवण झाली ती राजाची नाही, वेल्सच्या बाईची. वेल्स हे समुद्रकाठचं गाव इथून चारेक मैलांवर. मूर्ती लंडनला नेल्यावर पुढच्याच एक-दोन हिवाळ्यांत तिथली एक गरीब बाई सांगू लागली, की मूर्ती तिकडे नेली तरी देवीनं चमत्कार केलाच. वरपर्यंत बातमी गेली. या भागातले अंमलदार सर रॉजर टाउन्सहेंड यांनी तिला धरून आणलं आणि वॉल्सिंगमच्या बाजारच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, गर्दी अगदी भरात असताना, खोड्यात अडकवलं. डोक्याला कागद बांधला, त्यावर लिहिलं होतं की ही खोट्या गोष्टी पसरवते. मग गाडीत बसवून गावभर फिरवली, जिथे माणसं जास्त तिथे गाडी थांबवली, आणि गावातली पोरं तिला बर्फाचे गोळे मारत होती. बाजार उठेपर्यंत पुन्हा खोड्यात. हे सगळं टाउन्सहेंड यांनीच हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याला पत्रानं कळवलं आणि वर लिहिलं, की ती मूर्ती अजून काही जणांच्या डोक्यातून गेलेली नाही.

तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. आपल्याकडे वारी चुकली म्हणतात ती एखाद्याची, आजारपणात किंवा सुतकात. २०२० मध्ये सगळ्यांचीच चुकली तेव्हासुद्धा पादुका एसटीनं का होईना पंढरपूरला पोचल्या, आणि आत्या ते टीव्हीवर बघत दिवसभर जेवली नव्हती. इथे साडेतीनशेहून अधिक वर्षं वारी चुकली. तरी मधल्या पिढ्यांत कुणाच्या तरी डोक्यात ती असणारच, नाहीतर शार्लटबाईंनी गोठा कशाला विकत घेतला असता? या भागात आकाशगंगेलाही वॉल्सिंगमची वाट म्हणत.

मठाच्या आवारात तिकीट काढून जायचं. पूर्वेकडच्या भल्या मोठ्या खिडकीची कमान तेवढी उभी आहे, आरपार आकाश. जुन्या घराची जागा १९६१ च्या उत्खननात हाती आली, ती गवतावर दाखवलेली आहे. मला हे अवशेष फार नीटनेटके वाटले. हिरवळ इतकी कापलेली की इथे काही मोडलं होतं हे पटू नये. डच विद्वान इरॅस्मस १५१२ मध्ये आला तेव्हा आत सोनं, रत्नं आणि मेणबत्त्यांचा झगमगाट होता. मरियमचं दूध म्हणून स्फटिकाच्या कुपीत दाखवलेला पदार्थ त्याला अंड्याच्या पांढऱ्यात कालवलेल्या खडूसारखा वाटला. खवचट माणूस, पण नजर तयार.

अँग्लिकनांचं, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचं, देवस्थान वेगळं, गावातच. आल्फ्रेड होप पॅटन हे धर्मगुरू १९२१ मध्ये इथे आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मरियमची नवी मूर्ती गावच्या चर्चमध्ये बसवली. जुनी जळलेली, मग नमुना कुठला? मठाच्या मध्ययुगीन मुद्रेवर बाळाला घेऊन बसलेली देवी कोरलेली होती, तिच्यावरून घडवली. १९३१ मध्ये तिच्यासाठी पवित्र घर पुन्हा बांधलं. खोदताना जुनी विहीर लागली. शिवाय जुन्या रेल्वे स्टेशनात ऑर्थोडॉक्स पंथाचं चॅपल आहे. देव एक आणि पुजारी तीन तऱ्हांचे. मे महिन्यातल्या मोठ्या यात्रेला काही कडवे प्रोटेस्टंट मूर्तिपूजेच्या निषेधाचे फलक घेऊन उभे राहतात, म्हणजे टाउन्सहेंड साहेबांचीही परंपरा अगदीच बुडालेली नाही.

विहिरीपाशी रांग होती. पायऱ्या उतरून खाली गेलं की धर्मगुरू पळीनं पाणी देतात: एक घोट प्यायला, मग ओल्या बोटानं कपाळावर क्रूस, मग ओंजळीत धार. ख्रिस्ती नसलो तर चालेल का, असं मी आधीच विचारलं. "पाणी आहे, घ्या," ते म्हणाले. ओंजळीतलं पाणी मी सवयीनं डोळ्यांना आणि डोक्याला लावलं. माझ्यामागच्या इंग्रज आजींनी ते पाहिलं आणि त्यांनीही तसंच केलं. त्यांना वाटलं असावं की विधी असाच आहे.

संध्याकाळी आत्याला फोन लावला. माणसं होती का, हे तिनं आधी विचारलं. केरळची होती म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. "जेवू घातलं का त्यांनी?"

"चहा दिला."

"मग झालं की."

कुणाला जायचं असेल तर लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून किंग्ज लिनची रेल्वे सुटते. चालायचं नसेल तर फेकनम आणि वेल्सच्या दरम्यानची बस गावातून जाते. वेल्सहून वॉल्सिंगमला सव्वादहा इंच रुळांची छोटी वाफेची गाडीही धावते, पोरं बरोबर असतील तर तिनंच जा. फेब्रुवारीत मठाच्या आवारात स्नोड्रॉप फुलांचा पांढरा सडा असतो आणि तेव्हा गर्दी फुलं बघणाऱ्यांची असते. माणसं बघायची असतील तर जुलै. त्या दिवशी मात्र लवकर पोचा, हॉटनच्या रस्त्यावर दुपारनंतर बसगाड्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते, आणि अनवाणी असाल तर मुळीच नसते.