अस्तंबा: हमालीचे पैसे मध्यस्थाकडे देऊ नका

‘माणशी रोज बाराशे. सामानाचं टेन्शन घ्यायचं नाही, वर मस्त तंबू ठोकून राहा,’ असं तळोद्याकडच्या एका मध्यस्थाने फोनवर सांगितलं आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या, सातपुड्यातल्या अस्तंबा शिखरावर निघालेले आम्ही सहा जळगावकर दोन हमालांचे दोन दिवसांचे ४,८०० रुपये आगाऊ पाठवून मोकळे झालो. त्यातले त्या दोन पावरा आदिवासी पोरांच्या हाती पडले रोजचे चारशे-चारशे. हे कळलं परतीच्या वाटेवर. ‘दादा, तुमच्याकडून किती घेतले?’ एकाने सहज विचारलं. मी आकडा सांगितला. तो काही बोलला नाही. कावड दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पुढे निघाला.

नंदुरबारपर्यंत रेल्वे, तिथून तळोदा, मग कोठार. यात सांगण्यासारखं काही नाही. देवनदीच्या बाजूची झाडी छान आहे, ती तुम्ही बघालच.

शेवटच्या चढाचं मात्र नीट ऐका. अस्तंब्याची उंची १,३२५ मीटर. आकड्याला घाबरू नका, मुरमाला घाबरा. धनत्रयोदशीच्या यात्रेत वाटेवर माणसंच माणसं असतात. आम्ही जानेवारीत गेलो, तर वाळक्या गवताखाली खडा कुठे आणि घसरण कुठे, काही कळत नव्हतं. तिथे कावड चालत नाही. एक टोक दगडाला आपटतं, दुसरं झोका घेतं. पोरांनी कावडी सोडल्या, गाठोडी डोक्यावर घेतली आणि स्लिपरवर चढले. आम्ही भारी बूट घालून काही ठिकाणी चक्क बसून सरकलो.

आणि वर गेल्यावर? आमचे तीन तंबू लागतील एवढी सपाट जागाच दिसली नाही, पाणी तर नाहीच. म्हणजे तंबू, सिलिंडर, कुकर, सगळं चढवलं आणि तसंच उतरवलं. त्यात एक घडीची खुर्चीही होती. ती माझी होती, म्हणून कुणाला नावं ठेवत नाही.

मुक्काम शेवटी खाली, शेकोटीपाशी. आम्ही स्लीपिंग बॅगमध्ये, ते दोघं रिकाम्या पोत्यांवर. ‘त्यांना सवय असते,’ असं मध्यस्थाने आधीच सांगून ठेवलं होतं. साफ खोटं, रात्रभर दोघं लाकडं सारत बसले होते. या डोंगरात अश्वत्थामा वाट चुकलेल्यांना वाट दाखवतो आणि जखमेसाठी तेल मागतो म्हणतात. आम्हाला वाट दाखवणाऱ्यांनी सकाळी खांद्याला लावायला बाम मागितला.

कोठारला उतरल्यावर किराणा दुकानातल्या काट्यावर एकाचं ओझं ठेवलं. ३४ किलो! नेपाळात हमालांच्या हक्कांसाठी झगडणारे ३० किलोची मर्यादा सांगतात, किलिमांजारोवर उद्यानाचा नियमच २० किलोचा आहे. आणि आम्ही आपल्याच सातपुड्यात हे करून आलो.

तुम्ही जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी पायथ्याच्या गावात पोहोचा, पोलीस पाटलांना भेटा आणि पोरांशी स्वतः बोला. अहिराणीवर विसंबू नका, तिकडे पावरी बोलतात; शाळेत गेलेल्या पोरांशी मराठी चालते. हजारच्या खाली भाव करू नका. आमचा भाव करून झाला होता, म्हणून सांगतो. ओझं त्यांच्या समोर काट्यावर घाला, वीसच्या वर गेलं तर काढा किंवा तिसरा माणूस घ्या. बूट आणि ब्लँकेट तुमच्याकडून, जेवण तुमच्याच पातेल्यातलं. तंबू आणि भांडी खालीच ठेवा, वर फक्त पाणी न्या, माणशी निदान चार लिटर. पैसे रोख ठेवा, शंभर-दोनशेच्या नोटा नंदुरबारलाच काढा.

आम्ही दोघांना वरून सोळाशे-सोळाशे दिले, म्हणजे एक हमाल रोज दोन हजारांना पडला. त्यातले आठशे रुपये मध्यस्थाच्या एका फोनचे. खुर्चीही देऊ केली, तर ती काही त्यांनी घेतली नाही. एक जण म्हणाला, ‘दादा, ही आता घरापर्यंत कोण वाहील?’